वाडा माघारी येतो तेव्हा

आमच्या घरात परत येणं ही दरवर्षीची गोष्ट होती. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री आणि कडेवरच्या पोरांसकट वाडा कोकणच्या वाटेला लागायचा आणि पावसाच्या तोंडावर, जेठात, कऱ्हाटीला माघारी यायचा. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आणि साखर कारखाने आठवतात. तो नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा. आम्ही कऱ्हाकाठच्या जिरायती अंगाला. पुरंदरच्या डोंगरातून निघालेली ही नदी मोरगावावरून आमच्याकडं येते आणि पुढं सोनगावला नीरेला मिळते. पण वरचं नाझऱ्याचं धरण भरलं नाही तर तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. उन्हाळ्यात इथं चारा नाही, म्हणून जायचं. कोकणच्या पावसात मेंढरू टिकत नाही, त्याचे खूर कुजतात, म्हणून यायचं. माघारी आलेल्याला "का आलास?" असं आमच्यात कधी कुणी विचारलं नव्हतं.

मी 2021 साली जर्मनीत ग्योटिंगेनच्या विद्यापीठात शेती आणि पशुपैदास शिकायला गेले. पदव्युत्तर शिक्षण पुरं करून, थोडी नोकरी करून 2024 साली पालखीच्या दिवसांत घरी आले. पहिल्याच आठवड्यात पारावर, पिठाच्या गिरणीत, सुप्याच्या बाजारात मला एकच प्रश्न भेटत राहिला. "तिकडं जमलं न्हाई व्हय?"

विचारणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. माझ्या जाण्याला काय लागलं ते गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, सत्राचं किरकोळ शुल्क असतं. खरी अट निराळी. वर्षभर आपलं पोट आपल्याला भरता येईल एवढी रक्कम एका बांधील खात्यात आधी भरावी लागते आणि तिथं गेल्यावर त्यातले ठरावीक पैसे दरमहा हातात येतात. त्या वर्षी ही रक्कम 10,332 युरो होती, म्हणजे महिन्याला 861 युरो. आपल्या पैशात नऊ लाखांच्या घरात. शैक्षणिक कर्ज मोठं असलं की बँक तारण मागते, आणि आमच्याकडं जमिनीशिवाय होतं काय? पण शेतजमीन अशा कर्जाला सहसा चालत नाही. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्यानं दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून ठेवलेली ही तरतूद मला आजही योग्यच वाटते. पण शिकायला निघालेल्या शेतकऱ्याच्या पोरीला ती आडवी येते, आणि तिच्यासाठी दुसरी वाट कुणी काढून ठेवलेली नाही. शेवटी आण्णांनी अर्धा कळप विकला. उरलेले पैसे चुलत्यानं आणि मामानं दिले.

अर्धा कळप विकून गेलेली पोरगी माघारी आली, तर गावानं दुसरं काय विचारावं? शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला जर्मनी 18 महिने राहू देते. ती मुदत हातात असताना मी आले, हे तर कुणाच्या हिशेबातच बसेना. मला काम करायचं होतं ते आमच्या दख्खनी मेंढीवर, आणि दख्खनी मेंढी ग्योटिंगेनला नाही, इथं आहे. आण्णांना हे एका वाक्यात पटलं. आईला पटायला वेळ लागला.

परतण्यावर जगात अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांशी बोलून स्वेरे लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञानं 1955 साली मांडलं, की परक्या मुलखात माणसाचं मन आधी हरखतं, मग खचतं, मग सावरतं. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी जोडप्यानं 1963 साली त्याला पुढचा भाग जोडला. घरी परतल्यावर हेच हरखणं, खचणं आणि सावरणं माणसाच्या वाट्याला पुन्हा एकदा येतं. सगळ्यांचं मन ठरल्याप्रमाणे याच वळणानं जात नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं. तरी एक गोष्ट पक्की झाली, की घरी येणं हे जाण्याइतकंच अवघड असू शकतं. परदेशी जाणाऱ्याला दहा जण सूचना देतात, परत येणाऱ्याला एकही मिळत नाही. म्हणून ही माहिती प्रत्येक घरानं ऐकावी असं मला वाटतं.

पण या मांडणीत एक उणीव आहे. तिच्यात चढउतार आहेत ते एकट्या परतणाऱ्याचे. घर मात्र जागच्या जागी, जसंच्या तसं उभं आहे असं धरलेलं आहे. आणि घर तसं नसतं.

मी नव्हते तेवढ्या काळात आमच्या घरानं आपली सगळी घडी बदलली होती. घोडी विकून आण्णांनी जुना पिकअप टेम्पो घेतला होता. आण्णांचा गुडघा गेला म्हणून कोकणची वाट आता दादाच करत होता आणि आई घरच्या उरलेल्या मेंढरांमागं जात होती. मी झोपायचे त्या खोलीत सरकी पेंडीची पोती आणि वहिनीचं कपाट होतं. दादाचं लग्न मी फोनवर पाहिलं होतं. वहिनी इंदापूर तालुक्यातल्या बागायती गावची. तिच्या माहेरी डाळिंबाची बाग, मेंढरू तिनं लांबूनच पाहिलेलं. मी निघाले तेव्हा ती या घरात नव्हती. मी आले तेव्हा चुलीपासून बचत गटाच्या वहीपर्यंत घर तिच्या हाताखाली होतं.

पहिले काही दिवस तिनं मला ताटावर बसवून वाढलं. चहाचा कप धुवायला उठले तर हातातून काढून घेतला. मी जन्मले त्या घरात मी पाहुणी होते आणि बाहेरून आलेली ती घरची होती, हे मला आतून लागलं. नंतर ध्यानात आलं, की अवघडलेली तर ती जास्त होती. नणंद येणार, तीही परदेशात शिकलेली, तिची खोली आपण घेतलेली. ती काय म्हणेल या धास्तीनं तिनं महिनाभर आधीपासून झोप घालवली होती. माझ्या येण्यानं तिचं सगळं हललं होतं. हे चढउतार कुठल्या संशोधनात आहेत? वहिनीचं मन आधी धास्तावलं, मग खट्टू झालं, मग हळूहळू सैलावलं. आईचं आणखी वेगळं. ती पहिले पंधरा दिवस आनंदात होती आणि मग अचानक चिडचिडी झाली, कारण मी रात्री दार लावून वाचत बसायचे आणि आमच्या घरात दार लावून घेणारं माणूस एकतर आजारी असतं नाहीतर रुसलेलं.

त्यात आजी नव्हती. मी गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. फोन आला तेव्हा तिथं बर्फ पडत होता आणि दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. परीक्षा दिली, महिनाभर खोली ते प्रयोगशाळा एवढंच केलं. बातमी फोनवर येते. पण सुतक फोनवर धरता येत नाही, दहाव्याला कावळा शिवायची वाट सगळ्यांबरोबर पाहता येत नाही. घरानं आपलं दुःख करून घेतलं होतं. वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, आजीच्या गोष्टी आता हसून सांगितल्या जात होत्या. माझं मात्र सगळं मागंच राहिलं होतं. मी आल्यावर तिची घोंगडी उराशी धरून रडले तेव्हा घरातली माणसं गोंधळून गेली. त्यांना वाटलं, हिला तिकडचीच काही दुखापत आहे. परदेशी माणूस असताना घरात मयत झालं असेल, तर ते माणूस परत आल्यावर त्याच्यासाठी एक दिवस वेगळा काढावा. नदीवर जाऊन यावं, नैवेद्य दाखवावा, बसून आठवणी काढाव्यात. आमच्याकडं हे आईनं केलं, कुणी न सांगता. त्याचं ऋण मोठं आहे.

बाकीची गाठ आजानं सोडवली.

वाडा माघारी आला की आमच्या घरात एक रात्र बसायचं असा जुना रिवाज होता. आधी बिरोबाला जाऊन यायचं आणि मग रात्री सगळ्यांनी अंगणात बसायचं. वाटेवर गेलेल्यांनी सांगायचं, की चारा कुठं बरा होता, कुठल्या शेतकऱ्यानं रानात मेंढरं बसवून घेतली आणि त्याचं धान्य दिलं की दिलं नाही, कोकरं किती झाली, लांडग्यानं किती नेली. मग घरी राहिलेल्यांनी सांगायचं. वळीव कधी झाला, विहिरीला पाणी किती, कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाची उधारी राहिली. दोन्हीकडचं सांगून झाल्याशिवाय कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. अलीकडं मोबाइल आल्यापासून ही बैठक बंद पडली होती. रोजच बोलणं होतं, मग बसायचं कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

मी आल्यावर काही आठवड्यांनी आजा म्हणाला, "वाडा माघारी आलाय आन् इचारपूस न्हाई झाली. आज बसायचं." आण्णा म्हणाले, "आवं, ती काय वाड्याबरं गेलती व्हय?" आजा म्हणाला, "मग कुटं गेलती?"

त्या रात्री मी पहिल्यांदा सांगितलं, की शिकताना मी एका खानावळीत रात्री भांडी घासली. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो आणि त्या अंधारात माणसाचा जीव कसा बारीक होतो, तेही सांगितलं. फोनवर मी रोज "बरं चाललंय" म्हणत आले होते. मग घरचे बोलायला लागले. दादा मोटारसायकलवरून पडून त्याचा खांदा निखळला होता. एका पावसाळ्यात, कोवळा चारा खाऊन मेंढरांना आंत्रविषार लागला आणि विकून उरलेल्या कळपातली वीसेक कोकरं चार दिवसांत मेली. आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचून घ्यायची असते, त्या साली ती राहून गेली होती. मी तिथं नेमका हाच विषय शिकत होते, आणि मला काळजी नको म्हणून घरात कुणी एक शब्द कळवला नव्हता. मी त्यांना जपत होते, ते मला जपत होते, आणि या जपण्यातच आम्ही एकमेकांना अनोळखी झालो होतो. रोजच्या फोननं आवाज ऐकू येत होता. पण घरात काय घडलं हे त्या रात्रीच कळलं.

ग्योटिंगेनच्या ग्रंथालयात मी ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाचं 1976 सालचं पुस्तक पाहिलं होतं, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं. त्यासाठी तो माणूस वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या धनगरांमध्ये फिरला होता. हे मी सांगितलं तेव्हा आजानं विचारलं, "आपल्या ओव्या हायत का त्यात?" आहेत म्हटल्यावर त्याला माझं जाणं कळलं. शास्त्र, पदवी, युरो यांतलं काहीच त्याच्या उपयोगाचं नव्हतं, पण आपला देव जिथं पुस्तकात आहे त्या गावाला पोरगी जाऊन आली, एवढं त्याला पुरलं.

परतणारे आमच्या मुलखाला नवे नाहीत. याच कऱ्हेकाठी, सासवडजवळच्या कोडीतला जन्मलेले प्रल्हाद केशव अत्रे लंडनला शिक्षणशास्त्र शिकले आणि तिथली पदविका घेऊन 1928 साली पुण्याला आपल्या शाळेवर परतले. लोकांना त्यांची नाटकं आणि भाषणं आठवतात. मला त्यांची 'नवयुग वाचनमाला' आठवते. मुलांना वाचायला काय द्यावं, याचा विचार शिकून आलेल्या शिक्षकानं मराठी पोरांसाठी केलेलं ते काम आहे.

पण परतणाऱ्याला घर मिळेलच असं नसतं. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 साली परत आले आणि कराराप्रमाणं बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांना दिवस बागेत काढून रात्रीच्या गाडीनं मुंबईला यावं लागलं. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठांत शिकून आलेल्या माणसाला आपल्या देशानं हे दिलं. मला तिकडं काय काय सोसावं लागलं असं लोक कौतुकानं विचारतात तेव्हा मला बडोदा आठवतं. घर आपलं असून भागत नाही, घराबाहेरचा समाजही परतणाऱ्याला घेणारा लागतो.

तिसरं उदाहरण आमच्यापासून जवळ, नीरा ओलांडली की फलटणला. इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या आणि 1930 साली मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांच्या जाण्याला सासऱ्यांचा, म्हणजे साक्षात धोंडो केशव कर्व्यांचा विरोध होता. नवरा दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, ते पाठीशी राहिले. त्यांची मुलगी जाई निंबकर अमेरिकेत शिकून आली आणि फलटणला राहिली. तिचे पती बनबिहारी निंबकर यांनी तिथं 1968 साली शेती संशोधन संस्था काढली. त्यांची मुलगी नंदिनी फ्लोरिडा विद्यापीठात डॉक्टरेट करून 1981 साली त्याच फलटणला परतली. तिच्याबरोबर पती अनिल राजवंशी हेही आले, मूळचे लखनौचे, सौर ऊर्जेवर काम केलेले. नंदिनींची बहीण चंदा ऑस्ट्रेलियात मेंढीच्या अनुवंशशास्त्रावर डॉक्टरेट करून फलटणच्याच संस्थेत काम करू लागली. एका घरात तीन पिढ्यांच्या बायका शिकायला समुद्रापार गेल्या आणि माघारी आल्या. पहिलीला सासऱ्यांचा विरोध सोसावा लागला, तिसरीला आजीनं आणि आईनं मळलेली वाट होती. कऱ्हाटीत माझ्याआधी कुणी नव्हतं. माझ्यानंतरच्या पोरीला मी असेन.

फलटणच्या या कामाशी माझ्या घराचा आज रोजचा संबंध आहे. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोल नावाची बुटकी मेंढी दोन-तीन देते, कारण तिच्यात एक विशिष्ट जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या, त्यांच्याबरोबर हे जनुक तिकडच्या मेरिनो मेंढीत पोचलं असं शास्त्रज्ञ मानतात. फलटणच्या संस्थेनं गरोलचं हे जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली आणि ती आसपासच्या मेंढपाळांच्या कळपांत दिली. रक्ताचा नमुना तपासला की कुठल्या मेंढीत हे जनुक आहे ते कळतं.

मी अशाच मेंढपाळांबरोबर काम करते. मेंढ्यांच्या नोंदी ठेवणं, लसीचं वेळापत्रक पाळणं, नर निवडणं. आमच्या कळपात असा एक नर आणला आणि घरात वाद सुरू झाला. दादा म्हणतो, एका मेंढीला दोन कोकरं झाली तर कोकणच्या वाटेवर ती जगवायची कशी? मेंढीचं दूध पुरत नाही, चालताना एक मागं राहतं, ते कोण उचलणार? याचं उत्तर ग्योटिंगेनला मिळत नाही, कारण तिथल्या मेंढ्या दिवाळीला घर सोडून जात नाहीत. दादाचं म्हणणं खरं आहे, आणि एका कोकरावर आता घर चालत नाही हे माझं म्हणणंही खरं आहे.

यंदा असं ठरलं, की जुळं होणाऱ्या मेंढ्या वाटेवर न्यायच्याच नाहीत, घरी ठेवायच्या. त्यांना मका आणि पेंडीचा खुराक द्यायचा आणि कोकरांना वरचं शेळीचं दूध पाजायचं. खुराकाचा खर्च दुसऱ्या कोकराच्या किमतीत बसतो की नाही, ते दिवाळीपर्यंत कळेल. त्याची वही वहिनीकडं आहे. बचत गटाचा हिशेब ठेवून तिचा हात बसलेला आहे, आणि मेंढ्यांना तिनं नंबर न देता नावं दिली आहेत, म्हणून मला माझे तक्ते बदलावे लागले. परवा तिनं वही पुढं केली आणि म्हणाली, "वन्सं, सारजाला पेंड जास्ती लागतीया. पुढच्या साली तिला ठेवायची का नाय, ते तुम्ही अन् ह्यांनी बसून ठरवा. मी लिहून ठेवलंय."